मनगट चार तासांचं, खुबा साडेतीन महिन्यांचा

नडगीत रॉड टाकलेला रुग्ण दीड महिन्याने तपासणीला येतो. डॉक्टर म्हणतात, "एक्स-रे काढून या." सोबतचा नातेवाईक कुरकुरतो, "परत? मागच्याच महिन्यात काढला की! एवढी किरणं अंगात जाऊन काही होणार नाही ना?" त्यावर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "काही होत नाही." नडगीपुरतं हे उत्तर बरोबर आहे, खुब्यापुरतं ते अपुरं आहे. शरीराच्या कुठल्या भागाचा एक्स-रे काढला, यावर किरणांचा हिशेब शेकडो पटींनी बदलतो. हे रुग्णाला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

एक गैरसमज आधीच दूर करू. एक्स-रे अंगात साठत नाहीत. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच यंत्र बंद झाल्यावर किरण उरत नाहीत. उरलाच तर पेशींना झालेला इजेचा ठसा उरतो, आणि तोही बहुतांशी पेशी स्वतःच दुरुस्त करतात. ही इजा मोजण्याचं एकक म्हणजे मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, हवेतल्या रेडॉन वायूतून, अन्नातून आणि अवकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्या मापाने पाहिलं तर हाताच्या पंजाच्या किंवा मनगटाच्या एक्स-रेचा डोस ०.००१ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो, म्हणजे निसर्गाकडून साधारण चार तासांत मिळतो तेवढा. गुडघ्याचा ०.००५, म्हणजे एक दिवसही नाही. खुब्याचा मात्र ०.७, म्हणजे साडेतीन महिन्यांचा. कमरेच्या मणक्यांचा १.५.

नडगीच्या रुग्णाचे वर्षभरात आठ वेळा एक्स-रे निघाले आणि दर वेळचा डोस गुडघ्याएवढा धरला, तरी बेरीज ०.०४ होते. म्हणजे निसर्गाचे सहा दिवस.

यंत्र तेच, किरण तेच, मग मनगट आणि खुबा यांच्यात सातशे पटींचा फरक कशामुळे? पहिलं कारण जाडी. एक्स-रे नळीतून निघालेल्या किरणांपैकी दर ३ सेंमी मांसाला साधारण निम्मे वाटेतच अडतात. पंजाची जाडी जेमतेम तेवढीच असते, म्हणून ५० ते ५५ किलोव्होल्टचे मवाळ किरण आणि अगदी थोडी मात्रा पुरते. ओटीपोटाची जाडी २० सेंमी किंवा जास्त. म्हणजे निम्म्याचे निम्मे असं सात वेळा होतं आणि शंभरातला जेमतेम एखादा पलीकडे पोचतो. पलीकडे पुरेसं चित्र उमटायचं तर अलीकडे तितकंच जास्त ओतावं लागतं. व्होल्टेज ७५ ते ८० वर न्यावं लागतं. जाड भागात किरण विखुरून चित्र धुरकट होतं, म्हणून मध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी, म्हणजे ग्रिड, बसवावी लागते. ग्रिड काही उपयोगी किरणही अडवते, त्यामुळे डोस आणखी दुपटीने-चौपटीने वाढतो.

मवाळ किरणांचा आणखी एक फायदा आहे आणि तो फार सुंदर आहे. कमी ऊर्जेचा किरण अणूत पूर्ण शोषला जाण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते आणि ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात घटते. हाडात कॅल्शियम आहे, त्याचा अणुक्रमांक २०. सगळ्या घटकांची गोळाबेरीज केली तर हाडाचा परिणामी अणुक्रमांक १३-१४ येतो, मांसाचा साडेसातच्या आसपास. फरक दुपटीहूनही कमी, पण घन केला की सहा पट होतो! हाड पांढरंशुभ्र दिसतं आणि केसाएवढी चीर काळी रेघ होऊन उठून येते, ती या घनामुळे. व्होल्टेज चढवलं की हा घन आपली पकड सोडतो, किरण शोषले जाण्याऐवजी विखुरतात आणि चित्र करडं पडतं. म्हणून पंजाला ७० किलोव्होल्ट लावणं हे चुकीचं काम आहे.

दुसरं कारण म्हणजे अवयवांचं वजन, म्हणजे किलोतलं नव्हे, तर किरणांचा धोका कुठल्या अवयवाला किती हे सांगणारा आकडा. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००७ साली ठरवलेल्या तक्त्यात तांबडी अस्थिमज्जा (हाडातला रक्त तयार करणारा गर), फुप्फुस, जठर, मोठं आतडं आणि स्तन यांना प्रत्येकी ०.१२ वजन आहे. जननग्रंथींना ०.०८, थायरॉइडला ०.०४. त्वचेला आणि हाडाच्या पृष्ठभागाला फक्त ०.०१. आता हाताच्या त्वचेला ०.१ मिलिग्रे (त्या जागी शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) मिळाले असं धरा. एका हाताची त्वचा अंगाच्या त्वचेच्या सुमारे २ टक्के. म्हणून सरासरी ०.००२, त्याला ०.०१ ने गुणलं की ०.००००२ मिलिसिव्हर्ट. हाडांचा आणि विखुरलेल्या किरणांचा वाटा यात मिळवावा लागतो, तरी आकडा चिमुकलाच राहतो. मोठ्या माणसाच्या पंजात, पावलात, नडगीत तांबडी मज्जा नसते, तिची जागा पिवळ्या चरबीने घेतलेली असते. बाळ जन्मतं तेव्हा मात्र सगळ्या हाडांत तांबडी मज्जा असते आणि ती विशीनंतर कुठे धडाकडे आक्रसून स्थिरावते. म्हणून लहान मुलाचं कोपर दुखावलं की तुलनेसाठी दुसऱ्या कोपराचाही एक्स-रे काढण्याची सरसकट सवय चांगली नाही. शंका असेल तरच काढावा.

सीटी स्कॅनमध्ये हाच फरक ठळक होतो. मनगटाचा सीटी ०.०३ मिलिसिव्हर्ट, घोट्याचा ०.०७, गुडघ्याचा ०.१६. खांद्याचा मात्र २ आणि खुब्याचा ३ च्या घरात. कोपराचा सीटी हात कुशीला ठेवून काढला तर छाती-पोटही किरणांच्या वाटेत येतं. रुग्णाला पालथं झोपवून हात डोक्यापलीकडे ताणून घेतला की फक्त कोपर वाटेत येतं आणि चित्रही स्वच्छ मिळतं.

असंच एक दृश्य एक्स-रे रूममध्ये रोज दिसतं. मनगट मोडलेला रुग्ण स्टुलावर बसतो, हात टेबलावर ठेवतो आणि जेवणाच्या टेबलाला बसावं तसे पाय टेबलाखाली सरकवतो. हातातून पार झालेले आणि हाताच्या बाजूने निसटलेले किरण सरळ मांड्यांवर, ओटीपोटावर पडतात. उपाय सोपा आहे. टेबलाला समांतर, आडवं बसायचं, पाय बाहेर आणि फक्त हात टेबलावर. टेक्निशियनने उजेडाचा चौकोन बोटांच्या टोकांपासून मनगटाच्या थोडा वरपर्यंतच आवळायचा. अशा काळजीने काढलेला हाताचा एक्स-रे गरोदर बाईलाही नाकारण्याचं कारण नाही.

डोस खरा वाढतो तो परत काढाव्या लागणाऱ्या एक्स-रेने. रुग्ण हलला, बाजू चुकली, बांगडी किंवा पैंजण राहिलं. पायाच्या बोटातली जोडवी नेमकी मोडलेल्या पेरावर येतात, दंडातला धातूचा ताईत खांद्याच्या हाडावर. हे सगळं आधीच उतरवावं. दुखत असेल तरी दोन बाजूंनी, काटकोनात घेतलेले दोन फोटो लागतातच, कारण समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने सरकलेलं असू शकतं.

डिजिटल यंत्रांनी एक नवी खोट आणली. पूर्वी जास्त किरण लागले की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच पकडली जायची. आता संगणक उजळपणा सारखा करून देतो. किरण कमी पडले तर चित्रात दाणे दिसतात आणि डॉक्टर तक्रार करतात, जास्त पडले तर चित्र छानच येतं आणि कुणी बोलत नाही. म्हणून मात्रा नकळत वर वर सरकत जाते. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे किती किरण पडले ते सांगणारा आकडा, दर फोटोला पाहणं हाच त्यावरचा इलाज.

घोटा मुरगळला तर एक्स-रे हवाच असंही नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली मांडलेले नियम आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत, दाबून पाहायचं. तिथे हाड दुखत नसेल, पावलाच्या बाहेरच्या कडेवरचं आणि आतल्या कमानीवरचं हाडही दाबून दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकू शकत असेल, तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी. मनगटाचं उलट आहे. अंगठ्याच्या मुळाशी खळगा दुखत असेल आणि पहिला एक्स-रे स्वच्छ असेल, तरी प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी परत काढावा. तिथल्या छोट्या हाडाची चीर कधी कधी तेव्हाच दिसते.

किरणांच्या भीतीने एक्स-रे टाळून हाडवैदाकडे जाणं हा सगळ्यांत महाग सौदा आहे. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हात गमावलेली माणसं हाडांच्या डॉक्टरांना नवी नाहीत. "रेडिएशन शोषणारी" पेंडंटं विकणाऱ्यांनाही पैसे देऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशी दहा उत्पादनं तपासून इशारा दिला, कारण ती स्वतःच किरणोत्सारी होती.

रुग्णापेक्षा जास्त काळजी ऑपरेशन थिएटरमधल्यांची करावी लागते. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र, लावून रॉड टाकताना विखुरलेले किरण रोज त्यांच्याच अंगावर येतात. नळी टेबलाखाली आणि डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, रुग्णाच्या पायाच्या जितका जवळ तितका बरा. आडवा फोटो घेताना डिटेक्टरच्या बाजूला उभं राहावं, नळीच्या बाजूला नाही. एका मीटरवरून दोन मीटरवर सरकलं की डोस चौथाई होतो. शिशाच्या एप्रनखाली छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला मिळालेला डोस मोजणारा बिल्ला, लावावा. सुट्टीच्या दिवशी तो एक्स-रे रूममध्येच टांगून ठेवला तर मोजमाप खोटं ठरतं.

आणि रुग्णाने जुन्या फिल्म्स, सीडी दर वेळी सोबत आणाव्यात. हाड किती धरलं हे ताज्या एक्स-रेशेजारी मागचा ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि मागचा हरवलेला असला तर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक काढावा लागतो.