नवीन घराचं ऊर्जा प्रमाणपत्र: अर्ज कोण करू शकतं, कागद कोणते लागतात, तपासतात काय

जाहिरातीत ‘गोल्ड रेटेड ग्रीन होम्स’ असं छापलेलं असतं, तेव्हा बहुतेक वेळा इमारत उभीही राहिलेली नसते. त्या टप्प्यावर बिल्डरकडे असतं ते पूर्व-प्रमाणपत्र. ते नकाशे आणि कागदावरचे हिशेब पाहून दिलेलं असतं. बांधकाम त्याबरहुकूम झालं की नाही हे तपासून मिळतं ते अंतिम प्रमाणपत्र. फ्लॅट घेणाऱ्याने मागायचं ते हे दुसरं. स्वतःचं घर बांधणाऱ्यानेही डोळ्यासमोर तेच ठेवायचं, कारण त्याची तयारी पाया खोदण्याआधी करावी लागते.

कोणाकडे अर्ज करायचा

आपल्याकडे यासाठी एकच खिडकी नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, म्हणजे फ्रिज-एसीवर ज्यांचे तारे असतात त्या बीईईचं, २०१९ पासून घरांसाठीही एक ते पाच तारे असलेलं लेबल आहे. वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज लागेल यावर तारे ठरतात. क्षेत्रफळाची किमान अट नाही. नियोजित घरालाही अर्ज करता येतो, पण अंतिम लेबल बांधकाम पुरं झाल्यावरच मिळतं.

बाकीचे मार्ग नुसत्या विजेपुरते नाहीत, त्यात पाणी, साहित्य, कचरा असं बरंच येतं. ‘गृह’ हे टेरी ही ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून उभं केलेलं मानांकन २,५०० चौरस मीटरपासून पुढच्या प्रकल्पांसाठी आहे. त्याहून लहान बांधकामांना, म्हणजे बंगला किंवा छोटी अपार्टमेंट, ‘स्वगृह’ ही सोपी आवृत्ती आहे. सीआयआय या उद्योग संघटनेशी संलग्न आयजीबीसीचं, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग काउन्सिलचं, ‘ग्रीन होम्स’ एकट्या घरालाही मिळतं आणि संकुलालाही. त्याच्या पातळ्या सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. जागतिक बँक समूहाच्या आयएफसीचं ‘एज’ प्रमाणपत्र हवं असेल तर ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्यात सामावलेला कार्बन या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मोठ्या मानांकनाच्या वाटेला जायचं नसलं, तरी आर्किटेक्टला त्यात आपलं घर एकदा भरून पाहायला सांगा.

तपासतात काय

बहुतेक ब्रोशरमध्ये गच्चीवरचं सोलर आणि एलईडी दिवे ठळक असतात. घर खरं तर थंड राहतं ते भिंत, खिडकी आणि स्लॅबमुळे. राहायला आल्यावर दिवे बदलता येतात, भिंत बदलता येत नाही. म्हणून २०१८ च्या इको निवास संहितेचा, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा नियमांचा, पहिला भाग इमारतीच्या कवचावरच आहे. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी बेतलेली आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि निवासी इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आल्या. तुमच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत ती कोणत्या स्वरूपात लागू आहे आणि तिची कोणती आवृत्ती धरायची, हे बांधकाम परवानगी विभागातून लेखी घ्या.

संहितेतला कळीचा आकडा आहे आरईटीव्ही. बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांतून दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते, त्याचा हा हिशेब. महाराष्ट्र-गोव्याच्या हवामानासाठी २०१८ च्या संहितेत त्याची मर्यादा १५ वॅट आहे. २०० मिलिमीटर जाडीच्या एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या भिंतीतून जाणारी उष्णता २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी असते. उलट, पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये सर्रास दिसणारी मायवानची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, सलग काँक्रीटची भिंत विटेपेक्षाही जास्त उष्णता आत घेते. ती झटपट उभी राहते आणि मजबूत असते हे खरं, पण तिला बाहेरून उष्णतारोधक थर, खोल छज्जे आणि ऊन कमी आत सोडणारी काच यांची जोड लागते. ती दिली आहे का, हे बिल्डरला थेट विचारायला हवं, कारण पुढची सगळी वर्षं एसीचं बिल तुम्ही भरणार आहात.

छतासाठी उष्णता-वहनाची मर्यादा १.२ आहे, एकक वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. उघड्या आरसीसी स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त येतो. आपल्याकडचा ब्रिकबॅट कोबा गळती रोखतो, उष्णता रोखायला मात्र तो एकटा पुरत नाही. त्याखाली एक्सपीएस किंवा पीयूएफ या उष्णतारोधक फोमचा थर आणि वर पांढरा चायना मोझॅक असेल, तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला मे महिन्यात फरक जाणवतो.

खिडकीचा नियम वाचायला सोपा, पाळायला अवघड. मुंबई, पुणे, पणजी ही शहरं उष्ण-दमट विभागात येतात. तिथे उघडू शकणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश लागतं. नागपूर संमिश्र विभागात आहे, तिथे १२.५ टक्के. मोजणी होते ती उघडणाऱ्या भागाची. दोन फळ्यांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, म्हणून तिचं ५० टक्के क्षेत्र धरतात. कब्ज्यांवर उघडणारी असेल तर ९० टक्के. मुंबईतल्या ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला १० चौरस मीटर उघडं क्षेत्र लागेल. सगळ्या खिडक्या स्लायडिंग केल्या, तर २० चौरस मीटरच्या चौकटी हव्यात. बाल्कनीचं दार यात धरता येतं. नकाशा हातात घेऊन हा गुणाकार घरबसल्या होतो.

कागदपत्रं

मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि अर्जदार स्वतः मालक नसेल तर अधिकारपत्र, ही नेहमीची जुळवाजुळव. त्यापुढचे कागद तांत्रिक असतात आणि अर्ज अडकतो तो तिथेच. भिंत आणि स्लॅबचे थरनिहाय छेद, त्यांची जाडी आणि साहित्य. दिशांनुसार दारं-खिडक्यांचा तक्ता. काचेतून किती ऊन आणि किती उजेड आत येतो ते दाखवणारं उत्पादकाचं पत्रक. ब्लॉक आणि उष्णतारोधक साहित्याचे चाचणी अहवाल. लिफ्ट, पंप, दिवे यांचे तपशील. सोलर असेल तर त्याची क्षमता आणि आराखडा.

अंतिम टप्प्यावर प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचे नकाशे, खरेदीची बिलं, तारखेसह फोटो आणि भोगवटा प्रमाणपत्र तयार ठेवा. छतावरचा उष्णतारोधक थर फरशीखाली गेला की तो होता हे दाखवणारा पुरावा म्हणजे फक्त फोटो आणि बिल. साइटवरच्या सुपरवायझरला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

अर्जाचा क्रम असा: ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क, डिझाइनचे कागद, पूर्व-प्रमाणपत्र, बांधकाम, पुन्हा कागद आणि तपासणी, मग अंतिम निकाल. ‘गृह’मध्ये बांधकाम चालू असतानाच त्यांची माणसं साइटवर येऊन पाहतात, ही मला त्याची मोठी जमेची बाजू वाटते. अंतिम मानांकन पाच वर्षांसाठी असतं. बीईईच्या लेबललाही तेवढीच मुदत आहे.

बिल्डरला काय मिळतं, तुम्हाला काय

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० ची. बृहन्मुंबईला ती लागू नाही, बाकी बहुतेक शहरांना आहे. तिच्यात ‘गृह’चे तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयवर, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या प्रमाणावर, ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के जादा एफएसआय आहे. हा लाभ पूर्व-प्रमाणपत्रावरच मिळतो. भोगवट्याच्या वेळी कबूल केलेली पातळी गाठली नाही, तर तेवढ्या जादा एफएसआयसाठी रेडी रेकनरमधल्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमीनदराच्या दुप्पट दंड आहे. म्हणजे अंतिम प्रमाणपत्र मागणारा ग्राहक बिल्डरने आधीच स्वीकारलेल्या जबाबदारीची आठवण करून देतो, काही जादा मागत नाही.

ब्रोशर आणि जाहिरात जपून ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. त्याहून भक्कम उपाय करारनाम्यात आहे: मानांकनाचं नाव, पातळी आणि अंतिम प्रमाणपत्र कधीपर्यंत देणार ती तारीख, हे तीन तपशील सही करण्याआधी लिहून घ्या. आरईटीव्हीचा हिशेब आणि भिंतीचा छेद परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा.