रॅटलस्नेकचा दंश : वाळवंटातील हौशी भटक्यांना असलेला धोका

रॅटलस्नेक हा फक्त अमेरिका खंडांत सापडणारा विषारी साप. शेपटीच्या टोकावरील खुळखुळ्यामुळे त्याला हे नाव मिळाले. आपल्या सह्याद्रीतला चापडा त्याच्याच उपकुळातला आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये असलेली, उष्णता टिपणारी खाच ही दोघांची खूण. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील सोनोरन आणि मोहावे वाळवंटांत या सापाच्या अनेक जाती आढळतात. एकट्या ॲरिझोना राज्यात १३ जाती आहेत, अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. याच वाळवंटांत सुट्टीच्या दिवशी स्फटिक वेचणारे, मेटल डिटेक्टर घेऊन सोन्याचे कण शोधणारे, कडे चढणारे, छायाचित्रकार आणि मुद्दाम साप बघायला निघालेले हौशी लोक हिंडत असतात.

भारतात साप चावतो तो बहुधा शेतात राबणाऱ्याला, पोटापाण्याच्या कामात. अमेरिकेतल्या या वाळवंटांत चित्र वेगळे आहे. मध्य ॲरिझोनातील रुग्णांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांनी साप दिसल्यावरही त्याच्याशी खेळ केलेला होता. तो उचलला, डिवचला किंवा मारायला गेले, आणि त्यातल्या अनेकांच्या पोटात दारू होती. असे दंश हातावर होतात. नकळत पाय पडल्याने झालेले दंश घोट्याच्या आसपास असतात. दंश कुठे झाला हे पाहिले की तो कसा झाला याचा डॉक्टरला अंदाज येतो, तो यामुळेच.

मात्र सापाच्या वाटेला न जाणाऱ्याचाही छंद त्याचा हात नेमका सापापर्यंत नेतो. दगडगोटे शोधणारा शिळेखाली बोटे घालतो, प्रस्तरारोहक डोक्यावरच्या न दिसणाऱ्या कपारीत पकड शोधतो, तर सोने शोधणारा कोरड्या ओढ्याच्या काठावर गुडघे टेकून उकरत बसतो. तापलेल्या दुपारी साप अशाच सावलीत दडलेला असतो. म्हणून जाणते लोक दगड उचलताना पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता करतात. खालून काही निघालेच, तर मध्ये दगडाची आड राहते.

खुळखुळा वाजेल आणि आपण सावध होऊ, या भरवशावर राहता येत नाही. तो नखांसारख्याच केराटिनच्या, एकमेकांत अडकलेल्या कड्यांचा असतो. दर कात टाकताना एक कडी वाढते आणि जुनी टोके तुटून जातात. शेपटी सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा थरथरते, पण ती वाजवायची की निपचित पडून राहायचे हे साप ठरवतो. पुष्कळदा तो दुसरा मार्ग धरतो, कारण रंगाने मातीत मिसळून जाणे हेच त्याचे पहिले संरक्षण आहे. आपल्या लांबीच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत तो झेप घेतो. मारलेला सापही सुरक्षित नसतो. तुटलेले डोके पुढे बराच वेळ चावू शकते. २०१८ मध्ये टेक्सासमध्ये एकाने सापाचे डोके उडवले आणि ते उचलताना त्याला दंश झाला. त्याला प्रतिविषाच्या २६ मात्रा द्याव्या लागल्या.

उन्हाळ्यात हे साप रात्री बाहेर पडतात आणि सूर्यास्तानंतरही ऊबदार राहणाऱ्या डांबरी रस्त्यांवर येतात. सापांच्या शोधात रात्री वाळवंटी रस्त्यांवरून मोटार हळूहळू हाकण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत लॉरेन्स क्लॉबर (१८८३–१९६८) हे प्रमुख. सॅन डिएगोच्या वीज कंपनीतले हे अभियंता हौसेपोटी या सापांकडे वळले आणि पुढे रॅटलस्नेकचे सर्वांत मोठे जाणकार ठरले.

बहुतेक जातींचे विष ऊती आणि रक्तावर हल्ला करते. भाजल्यासारखी आग होते, सूज चढत जाते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. कित्येकांना तोंडात धातूची चव येते किंवा ओठांभोवती मुंग्या येतात. मोहावे रॅटलस्नेकची गोष्ट निराळी. त्याच्या अनेक प्रदेशांतील सापांच्या विषात मज्जातंतूंवर काम करणारे मोहावे विषद्रव्य असते, तर ॲरिझोनातील फिनिक्स आणि टुसान या शहरांच्या दरम्यानच्या सापांत ते नसते. त्यामुळे सूज थोडी दिसली म्हणून दंश किरकोळ समजणे धोक्याचे. काही दंशांत विष शिरतच नाही, पण तो ‘कोरडा’ होता हे रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहिल्यावरच कळते. पिल्लू मोठ्या सापापेक्षा घातक असते ही समजूतही चुकीची आहे. मोठा साप कितीतरी जास्त विष सोडतो.

अमेरिकेत दरवर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात, आणि मृत्यू साधारण पाच होतात. मृत्यू कमी असले तरी रॅटलस्नेक चावलेल्यांपैकी १० ते ४४ टक्के लोकांना कायमची इजा होते असे सांगितले जाते. बोट आखडणे हे त्यातले नेहमीचे. हौशी भटक्याचा खरा शत्रू अंतर आहे. मोबाइलला रेंज नाही, रस्ता दोन तासांचा, सोबत कोणी नाही, अशा ठिकाणी उपचार लांबत जातो. म्हणून एकट्याने जाणारे उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र बाळगतात आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवतात.

दंश झाल्यावर सापापासून दूर व्हावे, अंगठी व घड्याळ लगेच काढावे, हात किंवा पाय शक्यतो न हलवता रुग्णालय गाठावे. चीर देणे, तोंडाने विष ओढणे, दोरी आवळणे, बर्फ लावणे या सगळ्याने नुकसानच होते. विष शोषण्याच्या पंपाची कथाही तशीच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वयंसेवकांच्या पायात विषासारखा द्रव टोचून पंप लावला, तेव्हा रक्तमिश्रित पाणी आले, पण त्या द्रवाचा अंश जवळपास नव्हता. साप पकडून आणण्याचीही गरज नसते. दुरून काढलेला फोटो पुरतो, आणि तोही अनिवार्य नाही.

उपचार म्हणजे प्रतिविष. मेंढ्यांपासून केलेल्या क्रोफॅबला २००० मध्ये, तर घोड्यांपासून केलेल्या ॲनाव्हिपला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीलाच पहिल्याच्या ४ ते ६ किंवा दुसऱ्याच्या १० कुप्या लागतात, आणि एकेक कुपी काही हजार डॉलरला पडू शकते. ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियात कामानिमित्त राहणाऱ्या आणि सह्याद्रीतल्या ट्रेकची सवय तिकडे नेणाऱ्या मराठी मंडळींनी विम्याची कागदपत्रे आधी वाचलेली बरी. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी आहे, रॅटलस्नेकसाठी नाही. घरी सोडल्यानंतरही काही दिवसांनी रक्त पुन्हा पातळ होऊ शकते, म्हणून ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी करावी लागते. साप पाळणाऱ्या किंवा वारंवार हाताळणाऱ्यांना विषाची ॲलर्जीही होते. अशा माणसाला झालेला छोटासा दंशही काही मिनिटांत श्वास कोंडणारा ठरू शकतो.