पाण्याचे डाग, वाहनावरील

धुतलेल्या वाहनाच्या रंगावर, काचेवर व क्रोमच्या पट्ट्यांवर थेंब जागच्या जागी वाळल्याने उमटणारे पांढुरके ठिपके व कडी. हे मळाचे डाग नव्हेत. पाणी उडून गेल्यावर त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात, तेच दिसतात. म्हणून पुन्हा त्याच पाण्याने धुतल्यास ते कमी होत नाहीत, बहुधा वाढतात. गाडी किती घासली यापेक्षा शेवटचे पाणी कोणते होते आणि ते वाळण्याआधी टिपले गेले की नाही, यावर सारे अवलंबून असते.

प्रस्तुत नोंदीत इंदूर शहरातील घरगुती प्रथा समोर ठेवली आहे. तेथील पाण्याची स्थिती या विषयाला विशेष अनुकूल, म्हणजे गाडीला प्रतिकूल, आहे.

पाणी : इंदूर माळव्याच्या पठारावर, दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. या खडकाच्या भेगांतून व त्यावरील मुरमातून मिळणारे बोअरचे पाणी सामान्यतः दुष्फेन, म्हणजे साबणाला सहज फेस न येऊ देणारे ‘जड’, असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे प्रमुख असून बेसाल्टातून आलेली सिलिकाही असते. नर्मदेचे पाणी इंदूरला मिळावे यासाठी १९७० मध्ये झालेल्या नर्मदा आंदोलनानंतर योजना मार्गी लागली व मंडलेश्वरजवळील जलूद येथून उपसलेले नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये शहरात पोचले. ते बोअरच्या पाण्याहून सौम्य असते. नळ बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येतो. त्यामुळे नर्मदेचे पाणी पिण्याला व स्वयंपाकाला, बोअरचे धुण्यापुसण्याला, अशी वाटणी रामबाग, सुदामानगर यांसारख्या भागांतील अनेक मराठी घरांत आढळते. या वाटणीत गाडीच्या वाट्याला नेमके डाग पाडणारे पाणी येते.

पेयजलाच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण काठिण्याची (पाण्याच्या जडपणाची) इष्ट मर्यादा लिटरला २०० मिग्रॅ. व पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. दिली आहे, एकूण विद्राव्य घटकांसाठी हेच आकडे ५०० व २,००० आहेत. ही मर्यादा पिणाऱ्यासाठी आहे, गाडीच्या रंगासाठी नव्हे. लिटरला ६०० मिग्रॅ. विद्राव्य घटक असलेले अर्धा लिटर पाणी गाडीच्या अंगावर राहून वाळले असे धरल्यास मागे ३०० मिग्रॅ. क्षार उरतो. वजनाने तो चिमूटभरच, पण काळ्या बॉनेटवर पसरला की लांबूनही दिसतो.

स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुण्याची चाल अलीकडे रूढ झाली आहे. काटकसर म्हणून ती योग्यच. परंतु गाळणीने अडवलेले क्षार या पाण्यात एकवटलेले असतात, म्हणजे मूळ पाण्याहून ते अधिक ‘जड’ असते. चिखल काढायला ते चालते, शेवटच्या धुण्याला नाही. याउलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पापासून बनत असल्याने जवळजवळ क्षारमुक्त असते आणि शेवटच्या धुण्याला उत्तम ठरते. मात्र घराघरांत ते कुंड्यांना घातले जाते किंवा गच्चीवरून वाहून जाते.

पाणी सौम्य करणाऱ्या यंत्राने डाग टळतात, हा समजही तपासून घ्यावा लागतो. असे यंत्र कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या जागी सोडियम घालते. विद्राव्य घटकांचे एकूण प्रमाण त्यामुळे घटत नाही. डाग पडतोच, फक्त तो पाण्यात विरघळणारा असल्याने ओल्या फडक्याने निघतो.

डाग कसा बनतो : थेंब आटू लागला की बायकार्बोनेटातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते. गिझरच्या कॉइलवर चढतो तो हाच थर. डागाचा आकार सपाट ठिपक्याऐवजी कड्यासारखा का होतो, याचा उलगडा १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन व सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात केला. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून राहते व बाष्पीभवन कडेलाच सर्वाधिक होते. ती तूट भरून काढण्यासाठी आतील पाणी कडेकडे वाहते आणि आपल्याबरोबर घनकण नेऊन तेथे सोडते. हे प्रयोग निलंबित (न विरघळता पाण्यात तरंगत राहणारे) कण असलेल्या थेंबांवर झाले होते. विरघळलेल्या क्षारांच्या बाबतीत स्फटिक कोठे व केव्हा बनतो याचाही भाग असतो, म्हणून प्रत्यक्षात कड्याबरोबर मधला ठिपकाही दिसतो.

खाच पडण्याविषयीचे मतभेद : काही डाग पुसल्यावर, अम्ल लावल्यावरही जात नाहीत. बोट फिरवले तर काही लागत नाही, पण प्रकाशात खळगा दिसतो. याच्या कारणाविषयी दोन मते आहेत.

पहिले व अधिक लोकप्रिय मत असे, की थेंब भिंगासारखे काम करतो आणि ऊन एकवटून रंग भाजतो. हे प्रकाशिकीच्या हिशेबात बसत नाही. पाण्याचा अपवर्तनांक (पाण्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १·३३ आहे. त्यामुळे वक्र पृष्ठातून आत आलेले किरण पाण्यातच पुढे जात राहिले, तर ते त्या पृष्ठाच्या वक्रतात्रिज्येच्या (ते ज्या गोलाचा भाग आहे त्याच्या त्रिज्येच्या) सुमारे चौपट अंतरावर एकत्र येतील. रंगावर बसलेल्या थेंबाची उंची मात्र साधारणतः त्या त्रिज्येइतकी किंवा तिच्याहून कमी असते. म्हणजे किरण एकवटण्यापूर्वीच रंगाचा पृष्ठभाग आडवा येतो. हंगेरीतील गाबोर होर्वाट व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये झाडांच्या पानांवर हाच प्रश्न तपासला. गुळगुळीत पानांवर थेंबांनी भाजल्याच्या खुणा झाल्या नाहीत. लव असलेल्या पानांवर, थेंब लवेच्या टोकांवर अधांतरी राहिल्यास, त्या संभवतात असे आढळले. गाडीच्या रंगाला लव नसते.

दुसरे मत रासायनिक आहे. आजच्या मोटारींवर रंगाच्या थरावर पारदर्शक लेप (क्लिअर कोट) असतो. ही पद्धत मोटार उद्योगात साधारणतः १९८० च्या दशकात सार्वत्रिक झाली. भारतात ती त्यानंतर रुळली असावी. या लेपाची जाडी सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन असते. ॲक्रिलिक व मेलामाइन रेझिने एकमेकांत गुंफून बनवलेल्या लेपातील बंध उष्ण अम्लाने तुटतात. थेंब आटत जातो तसे त्यातील अम्ल तीव्र होत जाते आणि पत्रा तापलेला असेल तर क्रिया वेगाने होते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल येथे नमुन्याचे रंगवलेले पत्रे उन्हाळाभर उघड्यावर ठेवून या हानीची चाचणी घेण्याचा प्रघात पडला, तो अम्लयुक्त दव व पावसामुळेच. या मताकडेच झुकणे रास्त वाटते. एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी. बोअरचे पाणी अम्लधर्मी नसून किंचित अल्कधर्मी असते. तेव्हा त्याच्या डागांना हा खुलासा जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे बहुतेक वेळा खाच नसून घट्ट बसलेला थर असतो आणि तो काढताना केलेल्या घासाघाशीचे ओरखडेच खाच समजले जातात.

धुण्याची रीत : रीत सर्वपरिचित आहे, डागांपुरते एवढेच सांगायचे. वेळ पहाटेची. माळव्याच्या रात्री गार असतात (‘शब-ए-माळवा’ची ख्याती आहेच), त्यामुळे उजाडताना पत्राही गार असतो. मे महिन्यात नऊ वाजले की बॉनेटवरचे पाणी फडके पिळेपर्यंत थांबत नाही. भाग पाडून, छतापासून खाली धुवावे. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो व ती नीट न निघाल्यास स्वतःच डाग ठेवते.

शेवटचे पाणी फवाऱ्याने मारू नये. पाइपाचे तोंड मोकळे ठेवून संथ धार वरून सोडली, तर पाणी सलग पापुद्र्यासारखे उतरते आणि सुटे थेंब आपल्याबरोबर ओढून नेते. पाइप वापरायचा तो एवढ्यापुरताच. एरवी दोन-तीन बादल्यांत काम भागते. हे शेवटचे पाणी नर्मदेचे किंवा साठवलेले पावसाचे असल्यास निम्मे काम झाले. पुसण्यासाठी पूर्वी जुन्या धोतराचे फडके किंवा पिवळे फलानीचे कापड असे, कोठे शामॉय कातडे. आता मायक्रोफायबरचा टॉवेल सर्वत्र झाला आहे. पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या चिरलेल्या तंतूंमुळे तो पाणी ओढून घेतो. म्हणून तो रगडायचा नाही, अंथरून उचलायचा. गाडी कोरडी झाली असे वाटल्यावर आरशांच्या खोबणीतून, दारांच्या मुठींतून आणि नंबरप्लेटच्या मागून थेंब ओघळू लागतात. जाणते लोक दारे व डिकी एकदा आपटून, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येतात आणि मग दुसरे फडके घेतात.

मेण किंवा सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेप लावल्यास डाग पडत नाहीत, असे विक्रेते सांगतात. लेपावरून पाणी लवकर घरंगळते हे खरे. पण सपाट छतावर जे थेंब उरतात ते अधिक उभट असतात व त्यांतील क्षार लहान जागेत दाट बसतो. लेपामुळे पुसणे सोपे होते, टळत नाही.

दसऱ्याला हा प्रश्न दरवर्षी उद्भवतो. सकाळी धुतलेल्या गाडीवर ओलीच झेंडूची माळ चढते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, आणि माळेखालचे पाणी दुपारपर्यंत तसेच वाळते. कुंकू पाण्यात कालवण्याऐवजी कोरड्या पत्र्यावर चिमटीने लावल्यास निदान ओघळ येत नाहीत.

निवारण : ताजा कार्बोनेटाचा डाग सौम्य अम्लात विरघळतो. पांढरे व्हिनेगर (सुमारे ४ ते ५ टक्के ॲसेटिक अम्ल) तितक्याच ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालण्याच्या पाण्यात, मिसळून त्यात भिजवलेले फडके मिनिट-दोन मिनिटे डागावर ठेवतात व लगेच धुऊन टाकतात. लिंबाचा रसही चालतो. चिंच पितळेला चांगली. तिच्या चोथ्यात कचकच असल्याने रंगाला नको. सल्फेटाचे डाग अम्लाला दाद देत नाहीत, सिलिकेचे तर नाहीतच. काच स्वतः सिलिकेची असल्याने तिच्यावर सिलिका विशेष घट्ट बसते. तेथे सिरियम ऑक्साइडच्या पूडने घोटावे लागते. रंगावर पॉलिश हा शेवटचा उपाय. प्रत्येक वेळी पारदर्शक लेपाचा थोडा अंश जातो आणि तो परत येत नाही.

दुचाकीला हेच नियम लागू आहेत. फरक एवढाच, की ती बाजूच्या स्टँडवर कलती ठेवल्यास पाणी एका कुशीला साचते. म्हणून पुसताना मधल्या स्टँडवर घ्यावी. तापलेल्या सायलेन्सरवर पाणी पडताक्षणी पांढरे ओघळ उमटतात, तेव्हा तो गार होऊ देऊन मगच धुवावा.