लोकाभिमुख संशोधनलेखन : कोल्हापूर परिसर

विद्यापीठात किंवा महाविद्यालयात संशोधन करणाऱ्याने आपले निष्कर्ष त्या विषयाचे शिक्षण नसलेल्या वाचकासाठी मराठीत मांडण्याचा प्रघात. पाठ्यपुस्तके आणि दुसऱ्यांच्या संशोधनाचा परिचय करून देणारे विज्ञानलेखन यांहून तो वेगळा मानतात; ही सीमारेषा मात्र पुसट आहे.

उगम : बाळशास्त्री जांभेकरांचे दिग्दर्शन (1840) आणि नंतरचे मराठी ज्ञानप्रसारक (1850) या मासिकांना सामान्यतः आरंभस्थान दिले जाते. तथापि जांभेकरांनी कोरीव लेखांवरचे स्वतःचे संशोधन इंग्रजीतून विद्वानांपुढे ठेवले आणि मराठी मासिकात प्रामुख्याने प्रस्थापित ज्ञान दिले. दोन्ही कामे एकाच व्यक्तीची असली, तरी त्यांचे वाचक वेगळे होते.

कोल्हापूरपुरता आरंभ कोणाचा, याविषयी दोन मते संभवतात. राजाराम महाविद्यालयात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक (1847–1906) यांनी रसायन, पदार्थविज्ञान इ. विषयांवर मराठीत विपुल लिहिले. कालक्रम पाहता मान त्यांच्याकडे जातो. पण त्यांचा रोख ज्ञात शास्त्र मराठीत आणण्यावर होता. दुसरे मत त्याच महाविद्यालयातील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ग्रंथमाला (1894) या मासिकाला अग्रस्थान देते. त्यातून ग्रंथ क्रमशः छापले जात, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकाचे लेखन वर्गणीदाराच्या घरी पोहोचे. वरील व्याख्येतील ‘आपले निष्कर्ष’ ही कसोटी लावल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र मोडकांनी मराठीत रुळवलेल्या शास्त्रीय भाषेवाचून पुढचे लेखन अवघड झाले असते, हेही मान्य करावे लागते. विजापूरकरांचे विश्ववृत्त (1906) हे मासिक श्री. दा. सातवळेकर यांच्या वैदिक प्रार्थनांवरील लेखामुळे 1908 मध्ये खटल्यात सापडले आणि विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

पुढील काळात ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननाने (1945–46) सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. तिचा इंग्रजी अहवाल अभ्यासकांपुरता राहिला. लोकांपर्यंत हा विषय पोहोचला तो टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयामुळे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 मध्ये झाली. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे इतिहाससंशोधक होते. करवीर नगर वाचन मंदिर (1850) आणि दसरा चौकातील शाहू स्मारक भवन येथील व्याख्याने हीही या लेखनाची पूरक अंगे.

लेखनपद्धती : शोधनिबंधाची मांडणी प्रश्न, पद्धती, निष्कर्ष, चर्चा अशी असते. लोकलेखात निष्कर्ष आधी येतो, मग तो कशावरून काढला ते, आणि अखेरीस तो कुठे लागू पडत नाही ते. हा तिसरा भाग जागेअभावी प्रथम कापला जातो, म्हणून मर्यादा निष्कर्षाच्याच वाक्यात गुंफणे श्रेयस्कर. साधारण सहा-सात हजार शब्दांचा निबंध हजार-बाराशे शब्दांत आणताना एकच निष्कर्ष निवडावा. सगळा निबंध आवळून बसवला की लेख दुर्बोध होतो.

अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडण्याचा सोहळा, हे चांगले उदाहरण. तो 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी असा दोनदा होतो. या तारखा 22 डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या, मागे-पुढे साधारण सारख्याच अंतरावर, म्हणजे सुमारे 41–42 दिवसांवर पडतात. दोन्ही वेळा सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंशांतील अंतर) दक्षिण 17 अंशांच्या आसपास असते आणि तो पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेला मावळतो. ‘क्रांती’ हा शब्द गाळून केवळ मावळतीची दिशा सांगितली तरी वाचकाचे काही बिघडत नाही. अडथळ्यांचा प्रश्न मात्र आकड्यांतच सांगावा : 200 मीटरवरील इमारत किरणांच्या रेषेत साडेतीन मीटर वर आली, तर एक अंश झाकला जातो, एवढे अंतर खाली उतरायला सूर्याला सुमारे साडेचार मिनिटे लागतात. ढग आणि क्षितिजावरील धूळ यांचा परिणाम वेगळा नोंदवावा, नाहीतर दोष सरसकट इमारतींच्या माथी जातो.

पुराविषयी लिहिताना एकक आधी ठरवावे. संशोधक विसर्ग घनमीटर प्रतिसेकंदात मोजतो (1 घनमीटर म्हणजे सुमारे 35.3 घनफूट), कोल्हापूरकर पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत ओळखतो : 39 फूट इशारा, 43 फूट धोका. विसर्ग आणि पातळी यांतील नाते सरळ रेषेत नसते, हे न सांगितल्यास ‘विसर्ग दुप्पट, म्हणून पाणीही दुप्पट’ असा समज होतो.

नेहमीचे दोष : सहसंबंधाला कारण म्हणणे सर्वांत घातक. टक्केवारी मूळ आकड्याशिवाय देणे हा दुसरा. हजारात दोनाचे तीन झाले तरी वाढ ‘50 टक्के’ दिसते. मथळा बहुधा संपादकीय विभाग देतो, म्हणून लेखकाने दोन पर्याय सोबत पाठवावेत आणि अंतिम मथळा छपाईपूर्वी पाहण्यास मागावा. वनस्पतींची केवळ स्थानिक नावे पुरत नाहीत. ‘कंदीलपुष्प’ या एका नावाखाली सेरोपेजिया प्रजातीतील अनेक जाती येतात. दुर्मीळ जातीचे नेमके ठिकाण छापू नये, कारण कंद उकरून नेले जातात. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश उपयोगी पडतात. पण कोशातील शब्द वाचकाला अपरिचित असेल तर रूढ शब्द वापरून कोशातील शब्द एकदाच द्यावा.

हक्क आणि श्रेय : निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडता येतात, आकृत्या व तक्ते यांचे हक्क प्रकाशकाकडे असल्यास परवानगी घ्यावी किंवा मूळ आकडेवारीवरून नव्याने रेखाटावे. पेटंट घ्यायचे असेल तर अर्ज आधी, लेख नंतर. जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य कायद्याने संपू शकते. सहसंशोधकांची नावे लेखाच्या मुख्य मजकुरातच द्यावीत, कारण तळटीप वृत्तपत्रात टिकत नाही.

पदोन्नतीच्या मूल्यमापनात अशा लेखांना शोधनिबंधाइतके वजन नसते. संशोधक विद्यार्थ्यांना स्वतःच्या संशोधनावर सुगम लेख लिहिण्यासाठी पुरस्कार देणारी ‘अवसर’ ही योजना केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2018 मध्ये सुरू केली.