ब्रशच्या वळणाचे अक्षर: ऑर्डर देण्यापूर्वी

दुकानाचे नाव, पत्रिकेवरची नावे, लोणच्याच्या बरणीचे लेबल, सेलची पाटी अशा दोन ते पाच शब्दांना ब्रशचा फॉन्ट खुलून दिसतो. पत्ता, फोन नंबर आणि घटकपदार्थ मात्र साध्या फॉन्टमध्येच ठेवा. व्हिजिटिंग कार्डावर आम्ही तो १४ पॉइंटच्या खाली छापत नाही. गडद रंगावर पांढरे अक्षर असेल तर १८. त्याहून लहान केल्यास कडांचे ओरखडे शाईने बुजतात आणि अक्षर मळकट दिसते.

खरी गंमत, आणि खरी कटकटही, शिरोरेषेत आहे. फॉन्टमधले प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येते आणि शेजारच्या तुकड्यावर जरासे चढते. त्यामुळे अक्षरांमधले अंतर वाढवले की रेषा तुटते, शब्द फटींचा दिसतो. अंतर शून्यच ठेवा. नाव रुंद हवे असेल तर आकार वाढवा. रंग पारदर्शक केला तर चढलेल्या जागा गडद दिसतात, बाहेरून बॉर्डर दिली तर मध्येच उभ्या चिरा उमटतात. रेडियम कटिंगमध्ये (स्टिकरचे अक्षर मशीनने कापताना) तर ब्लेड या चिराही कापते आणि स्टिकर लावताना नाव तुकड्यातुकड्यांनी सुटते. उपाय सोपा आहे: कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षरांची आकृती करायची, मग सगळे वेल्ड करून एकसंध जोडायचे. त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा.

‘वडापाव’ लिहिला की दोन्ही ‘व’वर ओरखडे हुबेहूब तेच येतात आणि हाताने लिहिल्याचा भास तिथेच संपतो. फॉन्टमध्ये पर्यायी ‘व’ नसेल तर आम्ही दुसऱ्याच्या कडा हाताने बदलतो.

फॉन्ट पसंत करण्याआधी त्यात ‘कुऱ्हाड, दऱ्या, ॲप, वाङ्मय, शृंगार, लक्ष्मी’ टाइप करून पाहा. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये ऱ्ह आणि ॲ हमखास अडतात, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटले, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय असेल तर तो चालू करा.

नाव दोन ओळींत असेल तर ३० पॉइंटच्या अक्षराला ओळींतले अंतर किमान ४२ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो.

पाटीसाठी ठोकताळा असा: दर १० फुटांना १ इंच उंच अक्षर. ५० फुटांवरून वाचायचे तर ५ इंच. ब्रशच्या अक्षराला आम्ही ६ धरतो.

‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असलेला फुकट फॉन्ट दुकानाच्या पाटीला चालत नाही. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मात्र व्यवसायालाही मोफत आहे. मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला असून त्यातली रोमन अक्षरेही देवनागरीच्या जाड-बारीकपणाला जुळवून घेतली आहेत. दोन्ही भाषांत पाटी हवी असेल तर आम्ही आधी तोच दाखवतो.

मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, व्हॉट्सॲपवर टाइप केलेला चालेल. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर सोबत पीडीएफ जोडा.