शुद्ध ऑक्सिजनपेक्षा हवा बरी

तोंडात एक दांडी धरायची आणि पाण्याखाली 45 मिनिटं श्वास घ्यायचा! पाण्यातलाच ऑक्सिजन काढून देण्याचा दावा करणाऱ्या 2016 सालच्या त्या ‘कृत्रिम कल्ल्यां’चा व्हिडिओ अजून फिरतो आहे. स्वस्थ बसलेल्या माणसालासुद्धा मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो. लिटरभर गोड्या पाण्यात तो विरघळलेला असतो जेमतेम सहा मिलिलिटर. म्हणजे मिनिटाला 40 लिटर पाणी ओढून त्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन काढायला हवा. ओठांत मावणाऱ्या दांडीचं हे काम नव्हे.

पाणभुंगेऱ्याचा जीव लहान, गरजही लहान, म्हणून त्याला थोडंफार जमतं. भारतात तळ्यांत आणि भातखाचरांत आढळणारा सायबिस्टर ट्रायपंक्टेटस अडीच सेंटिमीटरांचा, हिरवट काळा, कडेला पिवळी किनार असलेला. पोहताना मागचे दोन्ही केसाळ पाय एकदमच मारतो. मधूनमधून वर येऊन शेपटीकडचं टोक पाण्याबाहेर काढतो आणि टणक पंखांखाली हवा भरून घेतो. बुडी मारली की त्या हवेचा एक चकचकीत बुडबुडा मागे डोकावत राहतो.

खरी गंमत या बुडबुड्यात आहे. भुंगेरा आतला ऑक्सिजन वापरतो, तसा तिथला ऑक्सिजनचा दाब पाण्यातल्यापेक्षा कमी होतो आणि पाण्यातला ऑक्सिजन आत शिरू लागतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो, त्याचा प्रश्न नाही. बुडबुडा टिकवतो तो निरुपयोगी वाटणारा नायट्रोजन. तो पाण्यात कमी विरघळतो, सावकाश निसटतो, तोवर बुडबुड्याला आकार राहतो. डॅनिश शास्त्रज्ञ रिचर्ड एगे यांनी 1915 मध्ये पाण्यातल्या ढेकणांना हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनचा बुडबुडा दिला, तर ते लवकर गुदमरले. नायट्रोजनच नाही, मग आतला ऑक्सिजनचा दाब पाण्यातल्यापेक्षा कमी होणार कसा? उलट तोच बाहेर विरघळत जातो आणि बुडबुडा आटतो.

मोठ्या भुंगेऱ्याला, विशेषतः कोमट पाण्यात, ही कमाई पुरत नाही. वर यावंच लागतं.

या भुंगेऱ्याच्या अळीला तर पंखच नाहीत, हवा साठवणार कुठे? ती शेपटीचं टोक पृष्ठभागाला लावून लटकते. चतुराची अळी जवळ आली की तिच्यात विळ्यासारखे जबडे खुपसते. त्यांतल्या बारीक नळीतून पाचक रस आत सोडायचा आणि विरघळलेलं मांस त्याच वाटेनं ओढून घ्यायचं. पूर्ण वाढली की पाणी सोडून काठच्या ओल्या मातीत शिरते आणि तिथेच कोषात जाते.