अहिल्यादेवी होळकर : सोलापूर परिसरातील लोकप्रतिमा

पांढरे लुगडे, डोक्यावरून पदर, तळहातावर शिवपिंडी. अहिल्यादेवी होळकर (31 मे 1725 – 13 ऑगस्ट 1795) यांचे हे रूप सोलापूर जिल्ह्यात चौकातल्या डिजिटल फलकापासून गाडीच्या मागच्या काचेपर्यंत कुठेही भेटते. सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या तालुक्यांत धनगर समाजाची वस्ती मोठी आहे, त्यामुळे हे चित्र इथे घरातले आहे. 2004 साली सुरू झालेल्या सोलापूर विद्यापीठाला 2019 मध्ये त्यांचे नाव मिळाले आणि घरातले चित्र पदवी प्रमाणपत्रापर्यंत गेले.

पिंडी ही काही चित्रकाराची कल्पना नव्हे. होळकरी रुपयांवर पिंडी आणि बेलपान असे. लुगड्याचा पांढरा रंग मात्र आयुष्याच्या एका टप्प्यापासूनचा. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, त्यानंतरचा. जन्मगाव चौंडीच्या शिवमंदिरातली लहान मुलगी किंवा नवी सून दाखवतानाही पांढरे नेसवतात, ती सरळ चूक आहे. उलट बाजूची चूकही होते. घरात आजीचे लाल पदराचे इरकल असते, तेच राज्यकारभाराच्या देखाव्यात नेसवले जाते आणि कपाळावर मोठे कुंकू येते. त्या जागी भस्माचे आडवे पट्टे हवेत.

जयंती 31 मे रोजी, म्हणजे सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात. मिरवणूक संध्याकाळी निघाली तरी चित्ररथावरच्या मुलीला दोन-तीन तास एका जागी बसावे लागते. दगडी पिंडी तेवढा वेळ हातावर पेलत नाही, म्हणून थर्माकोल कोरून करतात. त्याला ऑइल पेंट किंवा स्प्रे लावला की थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. आधी कागद चिकटवून डिंकाचा हात द्यावा, तो वाळल्यावर पाण्यात कालवलेला काळा रंग लावावा. शाळुंकेची, म्हणजे पिंडीच्या बैठकीची, पन्हळ पिंडीला जोडूनच कोरावी. वेगळी चिकटवलेली पहिल्या धक्क्याला निखळते. बेलाची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत आणि निघताना वाहावीत.

भंडाऱ्याचे गणित वेगळेच. गजीढोल सुरू झाला, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ झाले की हळद उधळली जाते. खंडोबा होळकरांचे कुलदैवत, तेव्हा भंडारा हवाच. पण पांढऱ्या लुगड्याचा रंग दहा मिनिटांत पिवळा होतो. भाड्याचे लुगडे असेल तर पंचाईत. त्याला लगेच साबण लावू नये, हळद लाल पडते. आधी कोरडेच झटकावे, मग नुसत्या थंड पाण्यातून काढावे. धुतल्यावर उरलेला पिवळेपणा कडक उन्हात बराच उडतो. फोटो मात्र भंडाऱ्यानंतरचेच चांगले येतात.

नाटुकल्यांत सर्वांत लाडका प्रसंग रथाखाली सापडलेल्या वासराचा. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मरते, आई त्याला तशीच शिक्षा फर्मावते आणि गायच आडवी येते. प्रसंग रंगतो, पण काळाचा मेळ बसत नाही. एकुलते एक पुत्र मालेराव 1767 मध्ये वारले आणि राज्याची सूत्रे अहिल्यादेवींनी त्यानंतर स्वतःकडे घेतली. दंतकथा म्हणून सादर करायला हरकत नाही, इतिहास म्हणून निवेदन करू नये.

घोड्यावर, हातात तलवार घेतलेली चित्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांना पूर्ण खोटे म्हणता येत नाही. सासरे मल्हाररावांनी 1765 च्या पत्रात त्यांना तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या सूचना केल्या होत्या. मात्र त्यांच्या राज्यकाळात फौजेचे काम मुख्यतः तुकोजी होळकरांकडे होते, आणि राजधानी महेश्वरच्या रोजच्या कामाचा मोठा भाग हिशेब, वसुली, तंटे आणि बांधकामांचा होता. हातात तलवारीऐवजी वहीखाते दिलेले चित्र क्वचितच दिसते. फलक छापणाऱ्याकडे तसा तयार नमुना नसतो, हे एक साधे कारण.

जिल्ह्यात या चित्राबाहेरची खूणही आहे. पंढरपुरात चंद्रभागेजवळ होळकर वाडा आणि त्यातले राममंदिर अजून उभे आहे; आषाढीला घाटाकडे जाणारी गर्दी त्याच्या कडेनेच पुढे सरकते.